मानाचे गुण

सालेहाबाईंसमोर कुणी 'साधारण' म्हटलं की संपलं. वर्गात एखाद्या मुलीनं "साधारण साठ, बाई" असं उत्तर दिलं की त्या खडू टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "साधारण म्हणजे? एकोणसाठ की एकसष्ट? लग्नाला पाहुणे किती येतील ते नाही विचारलं मी." मुली हसायच्या आणि मुकाट्यानं उदाहरण पुन्हा मांडायच्या. लातूरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं ते असं.

माहेर नांदेडचं, इतवाऱ्यातलं. वडील पुस्तकं बांधून द्यायचे. बांधायला आलेल्या गठ्ठ्यांमध्येच ही मुलगी वाढली आणि हाताला येईल ते वाचत सुटली. पंचांग, कायद्याची पुस्तकं, उर्दू मासिकं, शेतीखात्याचे अहवाल, काही सोडलं नाही. कॉलेजात तिनं संख्याशास्त्र घेतलं तेव्हा मामूंनी विचारलं, हे शिकून पोरगी करणार काय? वडील म्हणाले, आधी शिकू तर द्या, मग तीच सांगेल. पुढं लग्न होऊन लातूरला आली. नवरा जिलानी लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. लग्न असो, सभा असो, उरूस असो की गणपती, माईक जिलानीभाईंचा. नवरा बोलका, बायको मोजकी. संसार छान झाला, कारण दोघांनी एकमेकांना सुधारायच्या भानगडीत वेळ घालवला नाही.

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात शिक्षकांना पत्र्याच्या शेडांच्या वस्त्यांवर पाठवलं होतं. सालेहाबाई किल्लारीकडच्या अशाच एका वस्तीवर जायच्या. शाळा कसली, पोरं आत यायलाच तयार नसायची. डोक्यावर छप्पर म्हटलं की ती दारातूनच मागं पळायची. मग शेडच्या बाहेर, मोकळ्यावर, दिवस कलता कलता मुलांना प्रश्न विचारायचा खेळ सुरू झाला. सरकारी सूचना द्यायला जिलानीभाईंचा माईक होताच. हळूहळू मोठी माणसंही बसायला लागली. मदतीला आलेले बँकेतले लोक, नांदेडचे पोस्टवाले, लातूरच्या वाचनालयाची मंडळी, ज्याचा त्याचा संघ झाला. माणसं दिवसभर ढिगाऱ्यातून भांडी काढायची आणि संध्याकाळी नर्मदेचा उगम कुठं यावर हिरिरीनं भांडायची. बाहेरच्या कुणाला हे विचित्र वाटलं असतं. तिथं कुणालाही वाटलं नाही.

अशाच एका संध्याकाळी चाकूरकडचे किशनराव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भाकऱ्या आणि ठेचा घेऊन आले. शेतीवाडी चांगली, गावात वाचनालय काढलेलं, स्वभाव मानी. त्यांची धाकटी बहीण उमादेवी त्याच भागात दिलेली होती. ती घरासकट गेली होती. वाचनालयातले तिघेजण त्यांच्याबरोबर खेळायला आले होते, पण त्या दिवशी प्रश्न विचारायलाच कुणी नव्हतं. किशनरावांनी माईक घेतला आणि डोक्यातून एकेक प्रश्न काढत गेले. पिकांचे, ताऱ्यांचे, निजामाच्या काळातले. प्रश्न त्यांचेच, तर त्यांच्या संघाला खेळता कसं येणार? शेवटी गुण वाचायची वेळ आली तेव्हा जिलानीभाईंनी माईकवरून परस्पर जाहीर करून टाकलं, की आजची सेवा चाकूरकरांची, तेव्हा आज जो पहिला त्याच्याइतकेच गुण चाकूरलाही. मानाचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या गुणांसाठी नव्हत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोट ठेवलं नाही. सालेहाबाईंनीही नाही.

शेड गेली, घरं झाली, खेळ मात्र राहिला. लातूर-नांदेडच्या मंडळींनी त्याला 'प्रश्नसंध्या' नाव दिलं. हिवाळ्यात महिन्यातला एक रविवार धरायचा, दर वेळी एक संघ यजमान. यजमानानं प्रश्न काढायचे, जेवू घालायचं, स्वतः खेळायचं नाही, आणि त्या दिवशीच्या पहिल्या संघाइतके मानाचे गुण घ्यायचे. सगळ्या संध्याकाळींचे गुण एकत्र करायचे, ज्याची बेरीज मोठी त्याला ढाल. तक्ता ठेवायचं काम सालेहाबाईंकडं आलं, कारण त्या कुठल्याच संघात नव्हत्या आणि त्यांच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती.

काही वर्षं बरी गेली. यजमान सगळेच सारखे होते, सतरंजी आणि पिठलं-भाकरी. मग लातूर बदललं. गल्लोगल्ली क्लासेस निघाले, परगावची मुलं खोल्या करून राहायला लागली, मेस निघाल्या. ज्या घराला वरचा मजला चढला नाही ते घर मागासलेलं ठरायला लागलं. ट्यूशन एरियातल्या आदिनाथ सरांनी प्रश्नसंध्येत संघ उतरवला. फिजिक्सचा माणूस, हुशार, हौशी. त्यांनी यजमानपद घेतलं तेव्हा हॉलमध्ये कूलर, टेबलावर बझर, जेवणात गुलाबजाम. एका प्रश्नाला दहा गुण, कारण त्यांच्या क्लासमध्ये एकाआकडी गुण कुणाला गोडच लागत नसत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. माणसानं खूश होऊन घरी जावं असं त्यांना मनापासून वाटायचं. पण बाकी सगळीकडं एका प्रश्नाला एक गुण असायचा, आणि यजमानानं किती द्यावेत याचा नियम कुणी कधी केलाच नव्हता. पाहुण्यानं यजमानाला ताटात किती वाढा ते सांगायचं नसतं, त्यातलीच ही गोष्ट.

त्या वर्षी एकूण सहा संघ होते. त्यातला किनवटचा संघ दुसऱ्यांदा आला होता. तिथल्या निवासी शाळेचे शिक्षक आणि त्यांच्या पुढारी सिंधुताई, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. ठेंगण्या, सावळ्या, आवाज अगदी हळू. किनवटहून लातूर म्हणजे आधी रेल्वे, मग एसटी, मग कुणाच्या तरी घरी मुक्काम. यजमानपद त्यांना कुणी विचारलंच नाही, कारण तिकडं जाऊन त्याच दिवशी परतता येत नाही. पाच संध्याकाळींपैकी तीन त्यांनी जिंकल्या, एकदा दुसऱ्या आल्या. आदिनाथ सरांकडं मात्र बझरनं घात केला. उत्तर यायचं, पण बोट पोचेपर्यंत दुसऱ्याचा दिवा लागलेला असायचा. त्या दिवशी बँकवाले दोनशे दहा गुणांनी पहिले, किनवट एकशेतीसवर शेवटी. आणि आदिनाथ सरांना, न खेळता, मानाचे दोनशे दहा.

तक्ता भिंतीवर लागला. आदिनाथ सर पहिले, त्यांच्या मागं अवघ्या आठ गुणांनी चाकूर, मग बँकवाले. किनवट चौथं. सिंधुताईंनी तो नीट वाचला आणि सालेहाबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, पुढल्या वर्षी आमची वाट नका बघू."

सालेहाबाई म्हणाल्या, एका हारीनं एवढं काय मनावर घ्यायचं?

"हारीचं न्हाई हो. आम्ही परत गेलो की वसतिगृहातल्या पोरी विचारतात, ताई, कितवे आलात? तीनदा जिंकलो अन् चौथे आलो, हे त्यांना काय म्हणून सांगू? तुम्ही गणिताच्या ना, तुम्हीच सांगा."

सालेहाबाईंनी भिंतीवरचा तक्ता वहीत उतरवून घेतला.

घरी जाऊन त्यांनी सगळ्या संध्याकाळी पुन्हा मांडल्या. तेव्हा दोन गोष्टी लख्ख दिसल्या. एक, यजमान खेळतच नाही, तर त्याला पहिल्याचे गुण का? तो खेळला असता तर त्याच्या नेहमीच्या कुवतीनं खेळला असता, तेव्हा बाकीच्या दिवसांची त्याची सरासरी धरावी. दुसरी, एका ठिकाणचा प्रश्न दहाचा आणि दुसरीकडचा एकाचा असताना बेरीज करणं म्हणजे शेर आणि मण एकाच तागडीत टाकणं. बेरीज सोडून द्यावी. त्या दिवशी जितक्या संघांना मागं टाकलं तितके गुण. चौघांना मागं टाकलं, चार. कुणालाच नाही, शून्य. मग कूलरखाली खेळा नाहीतर लिंबाखाली. असं मांडल्यावर किनवट सरळ वर आलं आणि चाकूर खाली घसरलं.

जिलानीभाई शेजारी वायर गुंडाळत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हिशेब बरोबर असेल, पण मानाच्या गुणांना हात लावायचा तर आधी किशनरावांच्या घरी जाऊन ये. माईकवर सगळ्यांसमोर नको. ते पुढं म्हणाले, "तो नियम मी केला नव्हता, सालेहा. त्या दिवशी त्या माणसाकडं बघवेना, म्हणून तोंडातून गेलं."

सालेहाबाई चाकूरला गेल्या. किशनरावांनी चहा दिला, वाचनालय दाखवलं, कधीतरी ढाल मिळाली की इथं ठेवायची म्हणून भिंतीत ठोकलेला खिळाही दाखवला. मग बाईंनी विषय काढला. आडवळणानं बोलणं त्यांना येतच नव्हतं. यजमानाला सरासरी द्यावी, असं त्या म्हणाल्या मात्र, किशनरावांनी कपबशी खाली ठेवली.

"मान सरासरीनं देत असतेत का, बाई?"

"मान टाळ्या वाजवून द्या, काका. दोन हार घाला. गुण मात्र खेळून मिळाले पाहिजेत."

"ते गुण उमाचे हाईत." किशनराव दाराकडं बघत म्हणाले. "तुम्ही व्हता तिथं. तुम्हाला सांगायचं काम न्हाई."

सालेहाबाईंनी वही मिटली. दुसरी गोष्ट, ती बेरजेची, सांगायची राहूनच गेली. किशनराव उठून अंगणात गेले, परत आले, आणि त्यांच्या परीनं त्यांनी तोड काढली. किनवटवर अन्याय झाला हे त्यांनाही पटत होतं. पण अन्याय कशाचा? त्यांना मान मिळाला नाही, याचा. तर मग सगळ्यांनी किनवटला जाऊ. सहावी संध्याकाळ तिथं, ढाल त्याच्यानंतरच द्यायची. मुक्कामाला थांबू. त्यांनाही मिळू देत मानाचे गुण, बाकीच्यांसारखे. मग कुणाची तक्रार राहणार न्हाई.

सालेहाबाईंना ही तोड अजिबात पटली नाही. ज्या नियमात खोट आहे तो आणखी एकाला लावून खोट कशी जाणार? पण किशनरावांनी तिथल्या तिथं आदिनाथ सरांना फोन लावला, बँकवाल्यांना लावला, सगळे हो म्हणाले. आपण जंगल बघायला जाणार याचाच सगळ्यांना आनंद. सिंधुताईंनीही हो म्हटलं. पाहुणे येतो म्हणाल्यावर नाही कोण म्हणेल?

किनवटच्या शाळेनं हातचं राखून काही केलं नाही. पटांगण सारवलं होतं, मुलींनी गाणं म्हटलं, जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि मोहाच्या फुलांचा गोड पदार्थ होता, तो खाऊन पोस्टवाले दोनदा उठून परत बसले. प्रश्न काढले होते ते मात्र कडक. तीसच, प्रत्येकाला एक गुण. पाठ करून येतील असा एकही नाही. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तर रंग कोणता उतरतो? रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात? सूर्य मावळायच्या आधी दिसलेला चंद्र वाढता की घटता, हे आकाशात कुठल्या बाजूला बघून ओळखाल? रुळांचा प्रश्न आदिनाथ सरांनी मारला. पुढं मात्र त्यांच्या संघाची दमछाक झाली. बझर नव्हता. हात वर करायचा आणि विचार करून बोलायचं.

चाकूर त्या दिवशी खेळलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. तळहात लाल होतो, किशनरावांनी डोळे मिटून सांगितलं. पिकांचे, पाण्याचे, पाखरांचे प्रश्न त्यांच्या तिघांनी एकामागून एक उचलले. शेवटी चाकूर चौदा, आदिनाथ सर नऊ, बाकीचे त्याच्या खाली. किशनरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. आठ गुणांनी मागं होतो, आज पहिले आलो, तेव्हा ढाल आपलीच, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सालेहाबाईंनी तक्ता पुरा केला. त्यांच्याजवळ येऊन किशनरावांनी हळूच विचारलं, "झालं ना आमचं?"

"नाही, काका. आदिनाथ सर पुढं आहेत. तीन गुणांनी."

"कसं? आज पहिले आलो न्हाई का आम्ही?"

"आलात. पाच प्रश्नांनी पुढं होतात, म्हणून पाच गुण भरून निघाले. सरांच्या हॉलमध्ये एक प्रश्न म्हणजे दहा. तिथं यातला एकच प्रश्न जास्त आला असता, तर ढाल आज तुमची होती."

किशनराव तिथंच बाकावर बसले. मग ते तक्त्यावर बोट ठेवून बघायला लागले. किनवटला मानाचे गुण चौदा. आदिनाथ सरांना दोनशे दहा. घर सारवून, पदरचं वाढून, असे प्रश्न काढून चौदा. आपण जिंकून चौदा. आणि तिकडं शेवटी आले त्यांना एकशेतीस.

"हे काय लावलंय?" ते म्हणाले. "इथं मान चौदाचा अन् तिथं दोनशेचा? ह्यांनी काय कमी केलं का?"

"तेच सांगायला चाकूरला आले होते मी. तुम्ही अर्ध्यातच थांबवलंत."

"मग आता सांगा."

बाईंनी सांगितलं. या वेळी ते मध्ये बोलले नाहीत. ऐकून झाल्यावर खाली बघत विचारलं, "अन् तुमच्या त्या पद्धतीनं आम्ही कितवे?"

सालेहाबाईंनी मनातल्या मनात आजची संध्याकाळ धरून जुळवलं. त्यांना क्षणभर वाटलं, 'साधारण' म्हणावं. म्हणाल्या नाहीत.

"चौथे, काका. पहिलं किनवट."

किशनरावांनी तक्त्यावरचं बोट उचललं. मग उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईंचा हिशेब धरा. ढाल किनवटला द्या. आमचे मानाचे गुण आम्ही सोडले."

एकदम गलका झाला. पोस्टवाले हो म्हणत होते, बँकवाले कागद मागत होते. आदिनाथ सर उभे राहिले. चेहरा उतरला होता, पण आवाज चढवला नाही त्यांनी. "हिशेब मला समजला. चूक नाही त्यात. पण खेळ संपल्यावर नियम बदलायचा का? दहा गुण मी लपूनछपून नव्हते ठेवले. तेव्हा कुणी बोललं नाही. आज मी जिंकलो म्हणून नियम बदलला, उद्या तुम्ही जिंकाल तेव्हा आणखी कुणी बदलेल. मग कशाच्या भरवशावर खेळायचं?"

सगळे सालेहाबाईंकडं बघायला लागले. त्यांना आदिनाथ सरांचा राग आलेला होता. कूलरचा होता, गुलाबजामचा होता, ट्यूशन एरियातल्या सगळ्या पाट्यांचा होता. शाळेतल्या त्यांच्या निम्म्या मुली वर्गात पेंगायच्या, कारण पहाटे क्लासला जाऊन आलेल्या असायच्या. आज या माणसाला एकदा तरी शेवटच्या बाकावर बसवावं, असं फार मनात आलं. समोर सिंधुताई उभ्या होत्या, त्यांच्यामागं दारात वसतिगृहातल्या पोरी.

"आदिनाथ सरांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "यंदाची ढाल त्यांची."

किशनराव म्हणाले, "बाई, आम्ही सोडतो म्हणतो ना."

"तुम्ही तुमचं सोडू शकता, काका. त्यांचं नाही. ज्या नियमानं खेळायला बसवलं त्यानंच उठवायचं. नाहीतर माझा तक्ता काय आणि बाजारातली बोली काय." मग सिंधुताईंकडं वळून त्या म्हणाल्या, "तीनदा जिंकूनही तुम्ही चौथ्या का आलात, ते तुम्ही विचारलं होतं. नियम खोटा होता म्हणून. आमच्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली. मुलींना असंच सांगा."

जिलानीभाईंनी माईक पुढं केला. बाईंनी जुन्या पद्धतीचा निकाल वाचला. आदिनाथ सर पहिले, चाकूर दुसरे, बँकवाले तिसरे, किनवट चौथे. टाळ्या पडल्या, पण सरांनी ढाल हातात घेतली ती गरम तवा धरावा तशी. तेवढ्यात किशनरावांनी माईक मागून घेतला.

"आता दुसरा निकाल वाचतो," ते म्हणाले. "ह्याला ढाल न्हाई. पुढल्या वर्षी असं मोजायचं, म्हणून नमुन्याला वाचतो." आणि बाईंनी मांडून दिलेलं त्यांनी सावकाश वाचलं. किनवट, पहिले. आदिनाथ सर, दुसरे. बँक, तिसरे. मग थांबले, घसा साफ केला, आणि बाकीच्या नावांपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "चाकूर, चौथे."

नवीन नियमाला हात वर करा म्हटल्यावर पहिला हात आदिनाथ सरांचा आला. मग सगळ्यांचेच आले. सिंधुताईंचा नव्हता. सालेहाबाईंनी विचारलं, तुमचं काय?

"आमचा कसा येईल?" सिंधुताई म्हणाल्या. "पुढल्या वर्षी येतो का न्हाई हेच ठरायचंय." त्यांनी मागं वळून आपल्या दोन शिक्षकांकडं बघितलं, मग दारातल्या पोरींकडं. पोरींत खुसुरफुसुर चालली होती. त्यातली एक धीट पुढं आली आणि म्हणाली, "ताई, चौथे आले तरी ह्यांनी एवढ्या मोठ्यानं कसं वाचलं?"

सिंधुताई हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच. मग त्यांनी हात वर केला.

पुढं प्रश्नसंध्या बरीच वर्षं चालली. चाकूरला ढाल कधीच मिळाली नाही. वाचनालयातल्या त्या खिळ्यावर किशनरावांनी पंचांग अडकवलं. सालेहाबाई दर वर्षी तक्ता करायच्या, पण निकाल वाचायचं काम त्यांनी किशनरावांकडं देऊन टाकलं. त्यांचा आवाज मोठा होता, आणि स्वतःचा नंबर आला की ते तो आणखी मोठा करायचे.